मठपती सरांचा एकच शब्द

मठपती सरांवर मी जेवढी चिडले तेवढी नवऱ्यावरसुद्धा चिडले नाही, आणि माझा नवरा काही साधासुधा माणूस नव्हे. सरांच्या बाबतीत दुखणं असं, की त्यांच्याशी नीट भांडताही यायचं नाही. मी तावातावानं काहीतरी बोलत असायची आणि ते मधेच बोट वर करायचे. "बाई, आत्ता तुमी म्हणालात, डोकं खाऊ नका. भाकर खातो, मार खातो, लाच खातो, डोकं खातो. एका तोंडानं एवढं कसं काय खातो माणूस?" मग मी हातातला खडू टेबलावर आपटून निघून जायची, आणि ते मागून म्हणायचे की रागावू नका, मी खरंच विचारायलोय.

आमचं गाव ताडकळसच्या पुढं, कच्च्या रस्त्याचं. शाळा दहावीपर्यंत. मी गणित शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रकही माझ्याच गळ्यात होतं. सर इंग्रजीचे. नामांतराच्या वादाची ती वर्षं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सारखे बंद, मोर्चे, एसटीच्या काचा फुटलेल्या. शाळा सुरू राहिली तर नशीब. जे दिवस हाताला लागतील त्यात पोर्शन कसा संपवायचा या काळजीनं आम्ही बाकीचे अर्धे झालो होतो, आणि हा माणूस जूनपासून दिवाळीपर्यंत एका शब्दावर ठाण मांडून बसायचा.

तो शब्द म्हणजे रन. दहावीच्या वर्गात पहिल्याच दिवशी सर फळ्याच्या डाव्या बाजूला ही तीन इंग्रजी अक्षरं काढायचे आणि वर खडूनं लिहायचे, 'पुसू नये'. त्याखाली वाक्यं वाढत जायची. त्यांच्यानंतर माझा तास. म्हणजे फळ्याचा उजवा अर्धा भाग तेवढा माझा. माझी वर्तुळं त्या अर्ध्यात मावत नसत. एकदा स्पर्शिका काढताना मी मुकाट्यानं त्यांचं एक वाक्य पुसलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरंच म्हणाली, बाई, ते गिरणीचं वाक्य होतं, ते परत लिहायला लागेल. मी हेडमास्तरांकडं तक्रार केली. हेडमास्तर म्हणाले, दुसरा फळा आणायचा तर मंजुरी लागते. मग मी सुटे खडू, सुटा कागद, काय काय करून भूमिती शिकवली ते माझं मला ठाऊक.

सरांचं रूप असं की पाहणाऱ्याला वाटावं, फार शिस्तीचा माणूस. बंद गळ्याचा लांब कोट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कानावर खडू. शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत झालेलं. इंग्रजी ते उर्दूतून शिकले आणि आमच्या पोरांना मराठवाडीतून शिकवायचे. शब्दाला लफ्ज म्हणायचे, अर्थाला माने. त्यांच्याकडं सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. ती हातात धरून, वाटेतल्या माणसाशी बोलत बोलत चालायचे, आणि शाळेला उशीर करायचे. उशीर का झाला विचारलं की सांगायचे, लोहाराचा भाता पाहत थांबलो होतो.

त्यांची पद्धत अशी. डिक्शनरीतला माने वर्गात आणायचा नाही. तो सगळ्यांचा उष्टा असतो. पोरानं गावात फिरायचं, काहीतरी बघायचं, ते मराठीत येऊन सांगायचं, आणि सर ठरवायचे की हे रनमध्ये बसतं की नाही. बसलं तर त्याचं इंग्रजी वाक्य फळ्यावर, त्या पोराच्या नावानिशी. कुणी सांगायचं, धाकट्या भावाचं नाक वाहतंय. कुणी सांगायचं, पाटाचं पाणी चाललंय. मग सर खूश होऊन वर्गाला समजावायचे, "आपल्याकडं जे चालतं ते साहेबाच्या मुलखात पळतं. आपलं दुकान चालतं, त्याचं पळतं. आपली गिरणी चालती, त्याची पळती. आपला माणूस इलेक्शनला उभा राहतो, तिकडं तोबी पळतो. मग सगळेच पळायलेत तर बसायलंय कोन?" पोरं हसायची. मी शेजारच्या वर्गात नववीला बीजगणित सांगत असायची आणि त्या हसण्यानं माझी समीकरणं विस्कटायची.

मी एकदा सरळ विचारलं, की सर, पुस्तकात एवढे धडे आहेत, त्यातला पहिला तरी कधी घेणार? त्यांनी चहा बशीत ओतला आणि तो निवेपर्यंत मला समजावलं, की एकच माने असलेला लफ्ज म्हणजे एकुलतं पोर, लाडानं बिघडतं. एका लफ्जाचा सगळा गोतावळा पोरानं पाहिला, की बाकीचे लफ्ज आपण होऊन ओळख देतात. मी म्हटलं, बोर्ड गोतावळा विचारत नाही, पत्र विचारतं, निबंध विचारतं. ते म्हणाले, सबूर. सबुरीचं तेवढं काम माझ्याकडं होतं.

बाजाराच्या दिवशी तर हा माणूस वर्गच बाहेर काढायचा. एकदा लुगड्यांच्या पालापुढं सगळी पोरं उभी करून सरांनी विचारलं, की रंग जातो त्याला साहेब काय म्हणतो? पोरं म्हणाली, पळतो. इथवर ठीक होतं. पण नुसतं ऐकून भागत नाही, डोळ्यानं पाहिलं पाहिजे, म्हणून सरांनी एका लाल लुगड्याचा पदर शेजारच्या चहावाल्याच्या बादलीत बुडवला. बादली लाल झाली. समोर घासाघीस करणाऱ्या दोन बायका लुगडं टाकून निघून गेल्या. लुगडेवाला सरांच्या अंगावर धावून आला तेव्हा सर त्याला सांगत होते, की तुमचा माल लय कामाचा हाय, पुढल्या बाजाराला बी आणा. ते लुगडं शेवटी शिक्षकांनी वर्गणी काढून घेतलं. माझ्या वाट्याची वर्गणी मी रागानं दिली, आणि ते लुगडं कुणी नेसलं नाही.

पण हसण्यावारी जाईल असं सगळंच नव्हतं. वाकळ, म्हणजे गोधडी, शिवताना घालतात त्या टाक्याला आपण धावदोरा म्हणतो, आणि इंग्रजीतही त्याला तसंच, रनिंग स्टिच म्हणतात, हे सरांना कधीतरी उमगलं. आपल्याकडंही काहीतरी पळतं, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोरांना वाकळ शिवताना पाहून यायला पाठवलं. गावात वाकळा शिवायच्या भागीरथाबाई. त्यांचं घर बौद्धवस्तीत. नामांतराच्या दंगलीत आजूबाजूच्या गावांतून अशा वस्त्यांतली घरं जळाली होती त्याला फार वर्षं झाली नव्हती. त्या गल्लीत आमच्या शाळेची वरच्या आळीतली पोरं कधी पाऊल टाकत नसत, आणि घरचेही टाकू देत नसत. पाठवलेल्यांत बापूरावांचा मुलगा होता. शाळेला जागा देणारे बापूराव.

बापूराव शाळेत आले तेव्हा हेडमास्तरांनी खुर्ची पुसली. आता मठपतींची नोकरी जाते, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. बापूराव शांतपणे म्हणाले, "मास्तर, माझं पोरगं त्या गल्लीत पाठवायचं कारण?"

"वाकळा तिकडं शिवायलेत," सर म्हणाले. "तुमच्या घरी शिवायले असते तर तुमच्याकडं पाठवलं असतं."

यात टोमणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. लोक नंतर म्हणाले, मठपती मोठा हिंमतवान. हिंमत कसली. सरांना तो टाका तेवढा दिसत होता, गल्ली दिसतच नव्हती. वर त्यांनी बापूरावांना मुलाचं वाक्य वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थ सांगितला. बापूराव उठून गेले. नोकरी गेली नाही, पण पोरगा बरेच दिवस शाळेत आला नाही. आणि तो येईपर्यंत सर पुढं जाईनात. त्याचं वाक्य त्यालाच वाचू दे, म्हणाले. सगळा वर्ग ताटकळत ठेवला. अखेर पोरगा आला आणि त्यानं ते वाक्य उभं राहून वाचलं. चांगलं झालं, मला मान्य आहे. पण त्या दिवसांत पुस्तकातला एक धडाही झाला नाही, हेही मला मान्य करायलाच हवं.

माझा जीव तुटायचा त्याला कारण होतं. त्या वर्षी दहावीच्या वर्गात माझी धाकटी बहीण सुनंदा होती. माहेर आमचं पेडगाव. तिथून तिला मी माझ्याकडं शिकायला आणली होती. तिला नर्स व्हायचं होतं. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, स्पष्ट सांगितलं होतं की दहावी निघाली तर ट्रेनिंगला धाडतो, न्हाई निघाली तर लगेच लगीन. स्थळ पाहून ठेवलेलं. बाकीच्या विषयांची मला चिंता नव्हती, गणित तर मीच घेत होते. भीती इंग्रजीची. आणि ही पोरगी घरी आली की पुस्तक उघडायचं सोडून मला विचारायची, अक्का, चुलीवरचं दूध उतू जातं ते रनमध्ये बसेल का? मी सांगायची, चूल फुंक. दिवाळीनंतर सरांनी धडे घाईघाईनं उरकले, पत्रलेखन तर उभ्या उभ्या सांगितलं.

मार्चमध्ये इंग्रजीचा पेपर सुटल्यावर सुनंदा हसत बाहेर आली. सर पोरांना भेटायला केंद्रावर आले होते. त्यांना पाहून ती धावत गेली. पेपरात एका मार्काचा प्रश्न होता, दिलेल्या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. शब्द होता कीप. सुनंदानं एक वाक्य लिहिलं, मग तिला दुसरा माने आठवला, मग तिसरा. राखण करणं, पाळणं, ठेवणं, टिकणं, दुकान चालवणं. कोंबड्या पाळल्या, वचन पाळलं, लोणचं टिकलं. एका मार्कासाठी तिनं दोन पानं भरली होती.

सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "लोणचं? लोणच्याचं मी शिकवलंच नव्हतं की. तू आणलंस कुठून?" आणि दोघं केंद्राबाहेरच्या झाडाखाली उभं राहून एकेक वाक्य म्हणायला लागले.

मी विचारलं, पत्र लिहिलंस का? ती म्हणाली, वेळ पुरला नाही. निबंध? निबंधाच्या चार ओळी झाल्या. मी सरांकडं पाहिलं. त्या दिवशी सरांनी बोट वर केलं नाही. त्यांनी कानावरचा खडू काढला आणि खिशात घातला.

निकाल लागला. सगळ्या विषयांत चांगले मार्क आणि इंग्रजीत चार मार्कांनी गेली. तशी वर्गातली निम्मी पोरं इंग्रजीत गेली होती. ती दरवर्षी जायची, आसपासच्या सगळ्याच शाळांतून जायची. त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण सुनंदा दोन पानं बरोबर लिहून गेली होती. अण्णांनी पाहुण्यांना निरोप धाडला. सुनंदा रडली नाही, जेवली नाही, माझ्याशी बोलली नाही. माझा सगळा संताप सरांवर होता आणि तो काढायला सर सापडत नव्हते.

ते सापडणार कुठून? ते पेडगावला गेले होते. कुणी बोलावलं नव्हतं, मला सांगितलंही नव्हतं. मी माहेरी पोचले तेव्हा ते आमच्या ओसरीवर अण्णांसमोर खाली मान घालून बसले होते. बोट वर नाही, माने नाही, काही नाही. अण्णा म्हणत होते, की गुरुजी, पोरीच्या नशिबात नव्हतं, तुमी कशाला तकलीफ घेता.

सर म्हणाले, "पोरगी न्हाई गेली, पाटील. मी गेलो. तिच्या नावावर गेलो. अक्टोबरच्या परीक्षेपर्यंत लगीन थांबवा. पुन्यांदा गेली तर तुमच्या दारात तोंड दाखवणार न्हाई."

अण्णांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, अक्टोबर म्हंजी अक्टोबर, त्याच्यापुढं एक दिवस न्हाई.

त्या दिवसापासून सर रोज शाळा सुटली की माझ्या घरी यायचे. हातात बाजारातलं गाईड. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचे. पत्राला इतकी मिनिटं, निबंधाला इतकी, एका मार्काच्या प्रश्नाला एक वाक्य, दुसरं लिहिलं तर हात तोडीन. हेडमास्तरांना रजेचा अर्ज, मैत्रिणीला वाढदिवसाचं पत्र, पावसाळ्यातला एक दिवस. सगळं पाठ. सुनंदा म्हणायची, ते तपासायचे, लाल रेघ मारायचे, पुढचं. चहा आला की गरम असतानाच पिऊन टाकायचे. मी इतकी वर्षं या माणसाकडून जे मागत होते ते सगळं माझ्या ओसरीवर रीतसर चाललं होतं. आणि मला ते ऐकवेना. गाईड वाचताना त्यांचा आवाज असा यायचा, जणू दुसऱ्याच कुणाचं औषध घ्यायलेत.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. एका उताऱ्यात कुणाला तरी सर्दी झाली होती. सुनंदा लिहिता लिहिता थांबली. मी आत भाकरी थापत होते. तिनं विचारलं, "सर, आपल्याकडं सर्दी होती, ताप येतो. इंग्रजीत माणूसच सर्दीला पकडतो. असं का?"

नर्स होऊ पाहणाऱ्या पोरीनं विचारावा असाच प्रश्न होता. मी हात थांबवला. मला वाटलं, झालं, आता आजची संध्याकाळ गेली.

"परीक्षेला न्हाई ते," सर म्हणाले. "पुढं लिव."

मला रडू आलं. तव्यावरची भाकरी करपली तरी मला उठवेना. एवढं वाईट मला सुनंदाच्या निकालाचंही वाटलं नव्हतं. मी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, की सर, सांगा तिला, दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. पण बिघडलं असतं, दोन मिनिटांत तो माणूस कधी थांबला नसता, आणि अक्टोबर समोर होता. म्हणून मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

पेपर परभणीला होता. सुनंदा त्यात निघाली, जेमतेम मार्कांनी, पण निघाली. पुढं ट्रेनिंगला गेली आणि नर्सही झाली. सर त्याच दिवाळीत निवृत्त होऊन जिंतूरला लेकाकडं राहायला गेले. शाळेचा निरोपसमारंभ ठरला त्या दिवशी कसला तरी बंद निघाला आणि तो राहूनच गेला. त्यामुळं मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्या पेपरच्या दिवशी, परभणीच्या स्टँडवर.

पेपर सुटल्यापासून ते सुनंदाची प्रश्नपत्रिका हातात घेऊन बाकड्यावर बसले होते. एकेक प्रश्न विचारत होते, ती सांगत होती, ते समासात मार्क मांडत होते, आणि हात राखून मांडत होते. अर्ज लिहिला? लिहिला. निबंध? पूर्ण. एका मार्काला किती वाक्यं? एक. दोनदा बेरीज करून झाल्यावर त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "निघती बाई. अण्णांना सांगा." मी हो म्हटलं.

घड्याळ पाहिलं. ताडकळसची गाडी यायच्या बेतात होती. ती चुकली तर थेट संध्याकाळची, आणि संध्याकाळचीचा भरवसा कुणी देत नसे. मी पिशव्या गोळा करायला लागले. तेवढ्यात सुनंदा सरांजवळ बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "सर, आता परीक्षा झाली. आता सांगा. सर्दीला आपण का पकडायचं?"

सरांनी सायकल धरल्यासारखा एक हात बाकड्याच्या पाठीवर ठेवला. "हे बघ," म्हणाले, "आपल्याकडं ताप म्हंजी पाहुणा. येतो, ऱ्हातो, जातो. आपला त्याच्यात काय कसूर? पण साहेबाच्या मुलखात पाहुणा बी इचारल्याबिगर येत न्हाई. म्हणून तिथं सर्दी झाली की माणसालाच इचारतेत, तू कशाला गेला होतास तिला पकडायला? आता पकडण्याचे माने बघ. मासा पकडला. चोर पकडला. गाडी पकडली..."

गाडी लागली होती. कंडक्टर ताडकळसचे सगळे चढा म्हणून ओरडत होता. लोक दारात रेटारेटी करत होते. मी दोन्ही पिशव्या उचलल्या होत्या. सुनंदा मान वाकडी करून ऐकत होती आणि सरांचं बोट वर गेलं होतं. मी पिशव्या खाली ठेवल्या. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी मानेनंच नाही म्हटलं, आणि त्यानं घंटी दिली.

गाडी गेली ते त्या दोघांना कळलं नाही. मी सांगितलंही नाही.